अणुवीज आणि सरकारची थैली

मुंबईच्या उत्तरेस सुमारें शंभर किलोमीटरवर, समुद्राच्या कांठीं, तारापूर येथें १९६९ सालच्या ऑक्टोबर महिन्यांत दोन अणुभट्ट्यांची वीज रीतसर वाहूं लागली. भारतांतील हें पहिलें अणुवीजकेंद्र. त्याच्या भट्ट्या अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीनें उभारून दिल्या. परकी चलनाचा खर्च अमेरिकन सरकारनें दिलेल्या कर्जांतून भागविण्यांत आला. तें कर्ज भारत सरकारनें आपल्या शिरावर घेतलें. आणि निघेल ती वीज महाराष्ट्र व गुजरात या राज्यांच्या वीजमंडळांनीं विकत घ्यावी असें ठरलें. धनको सरकार, ऋणको सरकार, मालक सरकार आणि गिऱ्हाईकहि सरकारच! खाजगी कंपनी होती ती केवळ यंत्रें विकून मोकळी झाली. या धंद्याच्या जन्मकाळींच जी मांडणी झाली ती भारतांत पुढें छपन्न वर्षें टिकली, आणि २०२५ सालच्या डिसेंबरांत कायद्यानें ती मोडली. मोडल्यानें नेमकें काय बदललें हें समजण्यासाठीं ती मुळांत कां झाली हें पाहणें अवश्य आहे.

त्याकरितां अणूच्या पोटांत फार खोल शिरण्याची जरूरी नाहीं. कोळशाचें वीजघर असो कीं अणूचें असो, पाण्याची वाफ करावयाची, वाफेनें चक्र फिरवावयाचें आणि चक्रानें विजेचें यंत्र चालवावयाचें, हा क्रम एकच आहे. भेद आहे तो चुलीचा. कोळशाची चूल बांधावयास स्वस्त, पण ती अहोरात्र सरपण मागते. एक हजार मेगावॅटच्या वीजघरास वर्षाकांठीं चाळीस लक्ष टनांहून अधिक कोळसा लागतो, आणि तो वाहून आणणाऱ्या वाघिणींची रांग कधीं तुटत नाहीं. तेवढ्याच शक्तीच्या अणुभट्टीस समृद्ध केलेलें युरेनियम वर्षाला पंचवीस-तीस टन पुरतें. चार-दोन मालमोटारींचें हें सरपण! पण चूल मात्र अशी कीं, तिचें पोलादी भांडें, तिच्या शेंकडों नळ्या, तिच्यावरचें जाड काँक्रीटचें कवच, एक व्यवस्था निकामी झाली तर दुसरी आणि दुसरीहि फसली तर तिसरी, अशी संरक्षणाची सारी तरतूद अगोदर करावी लागते. आणि प्रत्येक सांधा तपासल्यावांचून पुढचें पाऊल टाकतां येत नाहीं. विजेच्या किंमतींत सरपणाचा भाग थोडा आणि चुलीच्या बांधणीचा भाग फार मोठा, असा हा उलटा हिशेब आहे.

शाळेंत चक्रवाढ व्याजाचीं उदाहरणें ज्यानें सोडविलीं असतील त्याला यांतली मेख लागलीच कळेल. दरसाल दर शेंकडा नऊ रुपयांनीं घेतलेले शंभर रुपये आठ वर्षें तसेच राहिले तर त्यांचे जवळजवळ दोनशें होतात. अणुकेंद्राच्या कामांत आठ वर्षें हा काळ मोठा समजला जात नाहीं. भाड्यासाठीं चाळ बांधणाऱ्या गृहस्थाला तळमजला पुरा होतांच भाडेकरू ठेवतां येतो आणि त्या भाड्यांतून वरचा मजला चढवितां येतो. अर्ध्या बांधलेल्या अणुभट्टींतून अर्धी वीज निघत नाहीं. शेवटची परीक्षा उतरेपर्यंत एक पैचेंहि उत्पन्न नाहीं, आणि व्याज मात्र रविवारींसुद्धां थांबत नाहीं.

तामिळनाडूंतील कुडनकुलमचें उदाहरण या दृष्टीनें पाहण्यासारखें आहे. सोव्हिएट रशियाशीं त्याचा करार १९८८ सालीं झाला. पुढें सोव्हिएट राज्यच नाहींसें झालें. करार दहा वर्षें कागदावर राहिला आणि १९९८ सालीं त्याला नव्यानें चालना मिळाली. काँक्रीटचें काम २००२ सालीं सुरू झालें. २०११ सालीं जपानांत फुकुशिमा येथें अनर्थ घडल्यावर कुडनकुलमच्या कोळ्यांनीं व शेतकऱ्यांनीं मोठें आंदोलन उभारलें. पहिली भट्टी २०१३ च्या जुलैंत पेटली आणि तिची वीज रीतसर मिळूं लागली तेव्हां २०१४ साल सरत आलें होतें. दोन भट्ट्यांचा मूळ अंदाज तेरा हजार कोटी रुपयांचा होता. तो सतरा हजार कोटींच्याहि पलीकडे गेला. खाजगी सावकाराच्या पैशावर हा व्यवहार असता तर तो किती वर्षें थांबला असता?

सरकारी पाठबळ म्हटलें म्हणजे अंदाजपत्रकांतील एखादी रक्कम लोकांच्या डोळ्यांपुढें उभी राहते. वास्तविक तें पाठबळ अनेक वाटांनीं येतें आणि रोख रक्कम ही त्यांतील सर्वांत अरुंद वाट असूं शकते.

भांडवलाची वाट सर्वांच्या ओळखीची आहे. १९४८ सालीं अणुशक्तीचा पहिला कायदा झाला आणि त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें डॉ. होमी भाभा यांच्या अध्यक्षतेखालीं आयोग नेमण्यांत आला. १९५४ सालीं स्वतंत्र खातें निघालें. १९५६ च्या ऑगस्टमध्यें तुर्भें येथें 'अप्सरा' ही प्रयोगाची भट्टी पेटली. सोव्हिएट रशिया वगळतां आशियांतील ती पहिली. १९६२ च्या कायद्यानें अणूपासून वीज काढण्याचा अधिकार केंद्र सरकार व त्याच्या कंपन्या यांच्यापुरता राखून ठेवला, आणि १९८७ सालीं त्यासाठीं अणुवीज महामंडळ स्थापन झालें. महामंडळ नवें केंद्र काढतें तेव्हां साधारणपणें शंभरांतील तीस रुपये स्वतःचे घालतें आणि सत्तर कर्जाऊ काढतें. हे सत्तर रुपये स्वस्त व्याजानें मिळतात, कारण कर्ज देणाराला महामंडळाच्या मागें सरकार उभें दिसतें. तिजोरींतून एक रुपयाहि न काढतां दिलेली ही मदत आहे, आणि चक्रवाढीच्या हिशेबांत व्याजाचा एक टक्का काय करतो हें वर दिसलेंच आहे.

यापेक्षां कमी ओळखीची वाट म्हणजे इंधनाची. १९७४ च्या मे महिन्यांत पोखरण येथें अणुस्फोट झाला आणि एका दिवसांत सारे संबंध पालटले. राजस्थानांत रावतभाटा येथें कॅनडाच्या साहाय्यानें भट्ट्या उभारल्या जात होत्या. कॅनडानें हात काढून घेतला आणि तेथील दुसरी भट्टी भारतीय इंजिनिअरांनीं आपल्या बुद्धीवर पुरी केली. तारापूरच्या इंधनाबद्दल अमेरिकेनें आढेवेढे घेण्यास सुरुवात केली आणि अखेर तें बंद केलें. मग फ्रान्स, पुढें चीन, पुढें रशिया, असे दरवाजे ठोठावून तारापूरची चूल पेटती ठेवण्यांत आली. देशांतील इतर बहुतेक भट्ट्या जड पाणी वापरून नैसर्गिक युरेनियमवर चालतात. त्या युरेनियमांत उपयोगाचा अंश हजारांत सात एवढाच असतो, परंतु तें समृद्ध करून घेण्यासाठीं परक्याच्या दारीं जावें लागत नाहीं, हा त्या पसंतीमागील मोठा हेतु होता. तरीसुद्धां २००८ च्या सुमारास देशांतील युरेनियम इतकें अपुरें पडलें कीं, चांगल्या धडधाकट भट्ट्या निम्म्या शक्तीनें चालवाव्या लागल्या. त्या वर्षीच्या सप्टेंबरांत अणुसामुग्री पुरविणाऱ्या राष्ट्रांच्या गटानें भारतास सूट दिली, आणि मग कझाकस्तान, रशिया, कॅनडा येथून युरेनियम येऊं लागलें. ही सूट मिळविण्यासाठीं दिल्लींतील सरकारनें आपलें अस्तित्व पणाला लावलें होतें. कोणत्या व्यापारी कंपनीला आपल्या सरपणासाठीं असा पराक्रम करतां आला असता? या मदतीची किंमत विजेच्या बिलांत कोठेंहि लिहिलेली नसते.

एवढ्या खटाटोपाचें फळ काय, असें कोणी विचारील. २०२५ सालीं देशांतील अणुकेंद्रांची शक्ति सुमारें ८,८०० मेगावॅट होती आणि देशाच्या एकूण विजेंत त्यांचा वांटा शेंकडा तीनच्या आसपास होता. आंकडा लहान आहे हें कबूल केलेंच पाहिजे. तथापि या विजेचा गुण निराळा आहे. सूर्याची वीज आज अडीच रुपयांच्या आसपास युनिट अशा दरानें देऊं करणारे मक्तेदार मिळतात, पण ती दिवे लावण्याच्या वेळीं नेमकी निघून जाते. अणुभट्टीला रात्र ठाऊक नाहीं, पावसाळाहि ठाऊक नाहीं. कर्नाटकांतील कैगा येथील पहिली भट्टी २०१६ च्या मे महिन्यांत सुरू झाली ती २०१८ च्या अखेरच्या दिवशींच थांबविण्यांत आली; ९६२ दिवस ती अखंड चालली आणि तो त्या वेळचा जगांतील विक्रम ठरला. कोळसा कमी करावयाचा आणि कारखान्यांचीं चाकें रात्रींहि फिरतीं ठेवावयाचीं, तर अशी कांहींतरी तरतूद हवी, हा सरकारचा युक्तिवाद पोकळ नाहीं.

पोकळपणाची शंका येते ती संकल्पाच्या आंकड्यांपाशीं. २०२५ च्या फेब्रुवारींतील अंदाजपत्रकांत २०४७ सालपर्यंत अणुवीज १,००,००० मेगावॅटवर नेण्याचा संकल्प जाहीर झाला. छपन्न वर्षांत जें ८,८०० झालें तें पुढील बावीस वर्षांत अकरा पटींहून अधिक करावयाचें! म्हणजे दरवर्षीं चार हजारांहून अधिक मेगावॅटची भर हवी. तारापूरपासून आजतागायत जेवढें उभें राहिलें त्याच्या जवळजवळ निम्मे प्रत्येक वर्षीं. पैशाचा अदमास घेण्यास फार मोठें गणित नको. २०१७ सालीं मंत्रिमंडळानें ७०० मेगावॅटच्या दहा स्वदेशी भट्ट्या मंजूर केल्या, त्यांचा खर्च १,०५,००० कोटी रुपये धरण्यांत आला होता. म्हणजे मेगावॅटला पंधरा कोटी. याच भावानें उरलेल्या एक्याण्णव हजार मेगावॅटला साडेतेरा लक्ष कोटींहून अधिक रुपये लागतील, आणि तेहि किंमती जागच्या जागीं राहिल्या तर. त्याच अंदाजपत्रकांत लहान भट्ट्यांच्या संशोधनासाठीं २०,००० कोटी रुपये ठेवण्यांत आले आणि २०३३ पर्यंत निदान पांच स्वदेशी लहान भट्ट्या चालू कराव्या असें ठरलें. रक्कम लहान नाहीं. पण साडेतेरा लक्ष कोटींपुढें ती अडुसष्टांत एक एवढी भरते. उरलेले सदुसष्ट कोण देणार?

या प्रश्नाचें उत्तर म्हणूनच २०२५ च्या डिसेंबरांत संसदेनें नवा कायदा मंजूर केला. कायद्यांच्या इंग्रजी नांवाचीं आद्याक्षरें जुळवून त्यांना गोड संज्ञा देण्याची हल्लीं चाल पडली आहे. त्या चालीस अनुसरून याला 'शांति' असें नांव मिळालें. १९६२ चा अणुशक्तीचा कायदा आणि २०१० चा नुकसानभरपाईचा कायदा हे दोन्ही त्यानें रद्द केले. परवाना घेऊन खाजगी कंपन्यांनाहि अणुकेंद्र बांधण्याची, बाळगण्याची व चालविण्याची मुभा मिळाली. युरेनियम समृद्ध करणें, वापरलेल्या इंधनावर पुन्हां प्रक्रिया करणें, जड पाणी तयार करणें, हीं नाजुक कामें मात्र सरकारनें आपल्याच हातीं ठेविलीं.

यांत भांडवलाचा प्रश्न सुटण्याची आशा आहे. पण पाठबळाची जी सर्वांत अदृश्य वाट, तिचें काय झालें हें नीट पाहिलें पाहिजे. ही वाट म्हणजे अपघाताची जबाबदारी.

२०१० चा कायदा झाला तेव्हां भोपाळची आठवण ताजी करण्यांत आली होती. १९८४ च्या डिसेंबरांतील त्या विषारी रात्रीबद्दल कंपनीनें १९८९ सालीं ४७ कोटी डॉलर देऊन सुटका करून घेतली, आणि खटल्याचा निकाल लागला तो २०१० च्या जूनमध्यें. त्या संतापांतून कायद्यांत एक कलम आलें. अणुकेंद्र चालविणारानें प्रथम १,५०० कोटींपर्यंत भरपाई द्यावी; परंतु यंत्रांत दोष आढळला तर त्यानें तें यंत्र पुरविणारावर उलट वसुली करावी, असा त्याचा आशय होता. जगांतील यंत्रविक्रेत्यांना हें कलम मानवलें नाहीं. अमेरिकेशीं २००८ सालीं एवढा गाजावाजा करून करार झाला, पण पुढें दीड तप लोटलें तरी त्या करारांतून एकहि अमेरिकन भट्टी उभी राहिली नाहीं, याचें एक मोठें कारण हें कलम समजलें जातें. सरकारनें २०१५ सालीं विमा कंपन्यांकडून १,५०० कोटींचा सामायिक विमा उभा करविला, तरी विक्रेत्यांचें समाधान झालें नाहीं.

नव्या कायद्यानें तें कलम गेलें. करारांत तसें लिहिलें असेल किंवा कोणी बुद्ध्या नुकसान केलें असेल तरच आतां उलट वसुली. भरपाईची मर्यादा भट्टीच्या आकारानुसार ठरविण्यांत आली. सर्वांत मोठ्या भट्टीस ३,००० कोटी, सर्वांत लहानीस १०० कोटी. त्यापलीकडचा कांहीं भाग सरकारनें सोसावयाचा, आणि २०१६ सालीं मान्य केलेल्या आंतरराष्ट्रीय करारान्वये इतर राष्ट्रांच्या सामायिक निधींतूनहि कांहीं मिळावयाचें. अशी मर्यादा घालणें ही भारताचीच युक्ति आहे असें मात्र नव्हे. अमेरिकेनें १९५७ सालींच तसा कायदा केला, कारण मर्यादेवांचून कोणीहि विमा उतरीना आणि विम्यावांचून कोणीहि भट्टी बांधीना. परंतु आंकडे शेजारीं ठेवून पाहावे. फुकुशिमाचा एकंदर खर्च जपानी सरकारनें २०१६ सालीं साडेएकवीस लक्ष कोटी येन धरला होता. त्या वेळच्या भावानें तो बारा लक्ष कोटी रुपयांच्या घरांत जातो. त्यापुढें ३,००० कोटी म्हणजे चारशांत एक भाग. तेवढा मोठा अनर्थ येथें घडेलच असें समजण्याचें कारण नाहीं, आणि भारतीय केंद्रांचा आजवरचा इतिहास त्या मानानें निर्वेध आहे. तथापि उरलेले तीनशें नव्याण्णव भाग शेवटीं सरकारच्या, म्हणजे करदात्यांच्या, किंवा ज्यांचीं घरें सुटतील त्यांच्याच माथीं येणार, हें उघड आहे. नफा खाजगी होऊं शकतो. जोखमीचें शेंपूट सरकारीच राहतें. हा विमा सरकार फुकट देतें, आणि अंदाजपत्रकांत त्याची एक ओळहि नसते.

ब्रिटननें हा प्रश्न दोन रीतींनीं सोडवून पाहिला आहे, आणि दोन्हींचा अनुभव बोधप्रद आहे. हिंक्ले पॉइंट येथील नव्या केंद्रास २०१२ च्या किंमतींनीं दर मेगावॅट-तासास साडेब्याण्णव पौंड असा भाव पस्तीस वर्षांकरितां बांधून देण्यांत आला. बांधकामाची जोखीम कंपनीची, पण भाव इतका चढा कीं, त्यावर तेथें वर्षानुवर्षें टीका होत राहिली. मग २०२२ सालीं दुसरा कायदा करून उलटी रीत स्वीकारण्यांत आली: बांधकाम चालू असतांनाच गिऱ्हाइकाच्या बिलावर थोडा आकार बसवावयाचा, म्हणजे व्याजाचा डोंगर चढत नाहीं आणि पुढें वीज स्वस्त पडते. चाळीचें भाडें पाया खणतांना घेण्याचा हा प्रकार! काम रखडलें तर तोटा भाडेकरूचा. मात्र दोन्ही रीतींत एक गुण आहे. कोण किती देणार हें अगोदर जाहीर झालें, संसदेंत त्याची चिकित्सा झाली, आणि तेथील हिशेबतपासनिसांनीं त्यावर उघड टीका केली. भारतांत खाजगी कंपन्यांना कोणत्या भावाची हमी मिळणार, हा विषय त्याच उजेडांत आला पाहिजे.

दुसरी गोष्ट पहारेकऱ्याची. अणुशक्तीच्या सुरक्षिततेवर देखरेख करणारें मंडळ १९८३ सालीं सरकारी हुकुमानें निघालें, आणि ज्या खात्याच्या केंद्रांवर त्यानें नजर ठेवावयाची त्याच खात्याच्या आयोगाखालीं तें काम करीत राहिलें. देशाच्या महालेखापालांनीं २०१२ सालीं यावर स्पष्ट शब्दांत बोट ठेविलें होतें. नव्या कायद्यानें त्या मंडळाला कायद्याचें अधिष्ठान मिळालें, ही चांगली गोष्ट झाली. किंबहुना त्या कायद्यांतील ही निर्विवाद स्वागतार्ह गोष्ट आहे. मालक सरकारी असतांना पहारेकरी थोडा डोळेझांक करणारा असला तरी निदान नफ्याची घाई नव्हती. आतां ती येणार. सभासद कोण नेमतो, त्यांना कोण काढूं शकतो, आणि तपासणीचे अहवाल लोकांना वाचावयास मिळतात कीं नाहीं, यावर त्या अधिष्ठानाचें मोल अवलंबून आहे.

राहिली जमीन. ती मिळवून देणें हीहि सरकारी मदतच, आणि तिची किंमत देणारे लोक वीज वापरणारांहून बहुधा निराळे असतात. तारापूरच्या तिसऱ्या व चौथ्या भट्टीसाठीं अक्करपट्टी व पोफरण या गांवांना उठावें लागलें. भट्ट्या २००५-०६ सालीं चालू झाल्या, परंतु पुनर्वसनाच्या तक्रारी कोर्टांत पुढेंहि कित्येक वर्षें चालल्या. ज्यांची उपजीविका खाडीवर व मासळीवर, त्यांना दूर आंत घर बांधून दिलें म्हणजे घर मिळतें, धंदा मिळत नाहीं.

रत्नागिरी जिल्ह्यांत राजापूर तालुक्यांतील जैतापूरची कथा याहून विलक्षण आहे. माडबन व शेजारच्या गांवांची नऊशें हेक्टरांहून अधिक जमीन सरकारनें घेतली. २०१० च्या डिसेंबरांत फ्रेंच कंपनीशीं प्राथमिक करार झाले. प्रत्येकी १,६५० मेगावॅटच्या सहा भट्ट्या, म्हणजे एकाच ठिकाणीं ९,९०० मेगावॅट, जगांतील सर्वांत मोठें केंद्र व्हावयाचें होतें. २०११ च्या एप्रिलमध्यें तेथील आंदोलनाच्या वेळीं पोलिसांच्या गोळीबारांत एक मनुष्य मेला. पुढें ती फ्रेंच कंपनीच डबघाईस आली आणि तिचा भट्ट्यांचा धंदा तेथील सरकारी वीजकंपनीनें घेतला. म्हणजे तिकडेहि शेवटीं सरकारच धांवून आलें. त्या वीजकंपनीनें २०२१ च्या एप्रिलमध्यें आपला तपशीलवार प्रस्ताव दिल्लीस दिला. दर युनिटचा भाव काय, अपघाताची जबाबदारी कोणाची आणि उशीर झाला तर व्याज कोणीं भरावें, हे तीन प्रश्न पुढील चार वर्षांतहि सुटले नाहींत. यांपैकीं मधल्या प्रश्नाचें उत्तर डिसेंबर २०२५ च्या कायद्यानें विक्रेत्याच्या बाजूनें दिलें आहे. उरलेल्या दोहोंचें उत्तर मिळेपर्यंत माडबनच्या सड्यावरील ती कुंपण घातलेली जमीन तशीच आहे. तींत भात पिकत नाहीं आणि वीजहि पिकत नाहीं.